अख्खी आळी मयत

आमच्या आळीत माणूस गेला की ते कळवायचं काम गाश देमिसे यांच्याकडे होतं. पहाट झाली की ते तुतारी घेऊन निघायचे, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून फुंकायचे आणि कोण गेलं ते ओरडून सांगायचे. मग त्यांचे पुढचे दात पडले. तुतारीतून आवाजाऐवजी चहाच्या किटलीसारखी वाफ सुटू लागली. एका मयतीला अर्धी आळी आलीच नाही आणि आमच्या इद्दिरमध्ये, म्हणजे मयतीच्या मंडळात, गैरहजेरी हा मरणाहून मोठा गुन्हा समजतात. समिती बसली. शहाण्या माणसांनी गाश देमिसे यांना कवळी करून दिली असती. आमच्या समितीने मला बोलावलं.

मी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर, पण हे आळीत कोणाला ठाऊक नाही आणि मीही कधी सांगायला गेलो नाही. अध्यक्ष आतो, म्हणजे श्रीयुत, गेबेयेहू म्हणाले, "अयालनेह, तुम्ही शिकलेले. मोबाइल आता घरोघरी आहे. माणूस मेला की यंत्रानेच सगळ्यांना निरोप धाडला, असं काही जमेल का?"

मी सावकाश चष्मा पुसला. "डेटाबेस करावा लागेल," मी म्हणालो.

हा शब्द डॉक्टरी शब्दासारखा आहे, ऐकणाऱ्याला वाटतं आता काही खरं नाही. आतो गेबेयेहू यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "करा मग. खर्च येत असेल तर करू नका."

घरी आलो तर त्सिगे कांदा चिरत होती. आमची बायको कांदा चिरताना कोणाचं ऐकत नाही, पण बोलते. "स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, त्याला तुला वेळ नाही आणि मेलेल्यांची सोय करायला निघालास," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की नळ कोणीही दुरुस्त करतो. तर म्हणाली, "मग कर ना."

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच घसरलं. डेटाबेस म्हणजे एक मोठं कपाट. त्यात आळीतलं प्रत्येक घर एकेका ओळीत. या कपाटाला जो प्रश्न घालायचा त्याला क्वेरी म्हणतात. "अमुक घर दाखव" अशी क्वेरी घातली की ते दाखवतं. पण "अमुक घरावर मयतीची खूण कर" हा हुकूमसुद्धा क्वेरीच, आणि तोही ते मुकाट्याने पाळतं. खरी मौज अशी की हे प्रश्न आपण बोटांनी घालायचे नाहीत, आपण एक प्रोग्राम लिहायचा आणि त्या प्रोग्रामने ते परस्पर घालायचे. आपण फक्त बटण दाबायचं. माझ्या मेहुण्याने परदेशातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक घरी होतं, त्यात असा प्रोग्राम आयता छापलेला होता. तो कुठल्याशा नौकाविहार मंडळासाठी होता. मी नौका काढून मयत घातली.

ही बातमी फुटली आणि सल्ले यायला लागले. आमच्याकडे कॉफी एकट्याने पीत नाहीत आणि कॉफीबरोबर सल्ला फुकट. इद्दिरच्या भांड्यांच्या कोठीवर असलेले शांबेल, म्हणजे कॅप्टन, देगफू, लष्करातून निवृत्त झालेले, म्हणाले, "खुर्च्या नेऊन परत न करणाऱ्यांचा एक रकाना ठेवा. त्यांच्या मयतीला आपण जमिनीवर बसू." आतो गेबेयेहू यांच्या बायकोला वाटे की कोण मनापासून रडतं आणि कोण नुसता पदर डोळ्याला लावतं, याचीही नोंद हवी. एका गृहस्थाने तर स्वतःच्या मयतीचा निरोप आगाऊ लिहून आणला. त्यात "महान" हा शब्द फार वेळा आला होता. मी सगळ्यांना "बघू" म्हणालो.

पहिलं घोडं आडनावापाशी अडलं. पुस्तकातला प्रोग्राम पहिल्या झटक्याला आडनाव मागे. आता आडनाव आणायचं कुठून? आमच्याकडे माणसाचं नाव, त्याच्यापुढे बापाचं, फार तर त्यापुढे आजोबाचं. एकाच घरात नवऱ्याची शेपटी वेगळी, बायकोची वेगळी. मी आपलं अक्कल लढवून आजोबाचं नाव आडनावाच्या रकान्यात घातलं आणि यादी कोठीच्या दारावर लावली. तासाभरात दारावर बायकांची रांग. "माझ्या गळ्यात नवऱ्याचा आजोबा का बांधलास? त्याने मला लग्नात बोकडसुद्धा दिला नाही!" शेवटी समितीने एकमताने ठराव केला की आडनाव हा परकीय प्रकार असून सर्वांचा तो रकाना रिकामा ठेवावा. मी सर्वांचा रिकामा केला. घर शोधायची जी क्वेरी होती तीही दुरुस्त केली: नाव, बाप आणि आजोबा तिन्ही जुळले तरच घर दाखव. करून पाहिली, चोख चालली. खूण करायची दुसरी क्वेरी मात्र करून पाहता येईना, कारण त्यासाठी कोणीतरी मरणं आवश्यक होतं आणि समितीतून कोणी पुढे आलं नाही.

दुसरं घोडं अडलं ते इतिये येशिमबेत यांच्यापाशी. या आमच्या भिंतीपलीकडच्या विधवा; इतिये म्हणजे ताई. मूलबाळ नाही, भाऊबंद दूर गावी. त्यांच्या आयुष्यात हक्काचं म्हणावं असं एक हे इद्दिरच. आळीतल्या प्रत्येक मयतीला सगळ्यांत आधी त्या हजर, कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं तरी त्या आधी हजर, त्यामुळे आजारी माणूस जरा दचकतो. नोंदीसाठी त्या माझ्यासमोर पाय मुडपून बसल्या.

"जन्मतारीख?" मी विचारलं.

"पागुमेची तीन."

मी घातली. प्रोग्रामने फेकून दिली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली. पागुमे आमचा पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना, आणि पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात वर्ष बारा महिन्यांतच आटोपतं. "इतिये, पुढच्या महिन्याची पहिली घालू का?" मी विचारलं. "चारदोन दिवसांचाच फरक."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी त्यांना दुसऱ्याचे दात लावायला सांगितले. "लेकरा, मी संत रुफाएलच्या दिवशी जन्मले. त्या दिवशीचा पाऊससुद्धा पवित्र असतो. अख्खं गाव भिजत होतं तेव्हा मी आले. आता या वयात देवाशी खोटं बोलू?"

"मग नोंद होणार नाही. यंत्राच्या हिशेबी तुमचा जन्मच झालेला नाही."

"मग मी मेले तर मंडप कोण घालणार?"

मला लवकर उरकायचं होतं आणि मागे रांग होती. "इतिये, आधी जन्माला तर या," मी म्हणालो. रांग हसली. मलाही ते बोलणं त्या वेळी बरंच जमलेलं वाटलं. त्या उठल्या, शाल सारखी केली आणि म्हणाल्या, "तेराव्या महिन्यात जन्मले म्हणून उघड्यावर पडू का मी?" मी "बघू" म्हणालो आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांचा अर्ज समितीच्या सहीनिशी पडून राहिला. यादीच्या तळाशी प्रोग्राम आपणहून छापायचा: नाकारलेली नोंद, एक.

त्यानंतरच्या सभेत मी आग्रहाने दोन नियम पास करून घेतले. यापुढे यंत्राची यादी अंतिम. आणि यादीत बदल किंवा कोठीतली वस्तू, दोन्ही जिवंत सभासदाच्या सहीवरच मिळणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण टाळ्या पडल्या होत्या हेही सांगितलं पाहिजे.

मग आतो शिबेशी वारले. साधे शिंपी, मितभाषी माणूस, मरतानाही कोणाला त्रास दिला नाही. पहाटे त्यांच्या घरून निरोप आला. मी तोंड धुतलं, कोट घातला (असं काम बनियनवर करणं बरं दिसत नाही) आणि लॅपटॉप उघडला. नाव घातलं, बाप घातला, आजोबा घातला. पडद्यावर आतो शिबेशी यांचं घर आलं. आडनावाचा रकाना रिकामा होताच. मी "मयत" हे बटण दाबलं आणि गाश देमिसे यांच्या तुतारीचा काळ संपला म्हणून जरासा हळवाही झालो.

झालं होतं असं, की शोधायची क्वेरी मी बदलली होती, पण खूण करायची क्वेरी नौकाविहारवाल्यांचीच राहिली होती. ती आडनावावर चालायची. तिने कपाटाला हुकूम दिला: ज्याचं आडनाव रिकामं आहे, त्याला मयत कर. कपाटाने पाहिलं, आळीत सगळ्यांचंच आडनाव रिकामं. त्याने सगळ्यांना मयत केलं. यात त्याची काहीएक चूक नाही, आणि आडनाव रिकामं ठेवायचा ठराव माझा नव्हता, समितीचा होता, हे मी आजही म्हणतो.

जिवंतांना जो निरोप जायचा, "शिबेशी यांच्याकडे मयत झाली आहे, हजर राहा", तो कोणालाच गेला नाही, कारण जिवंत कोणी उरलं नव्हतं. मयताच्या घरी जायचा निरोप मात्र घरोघर गेला: "आपल्या घरावर कोसळलेल्या दुःखात इद्दिर सहभागी आहे. मंडप, खुर्च्या व भांडी लवकरच आपल्या दारी पोचतील."

आमच्याकडे मरणाची बातमी कोणी तोंडावर सांगत नाही. बाहेरगावी कोणाचं माणूस गेलं तर आधी शेजाऱ्यांना कळतं. ते गुपचूप ठरवतात, त्या घराशी हसून बोलतात आणि मग एका पहाटे दारात येऊन बसतात. त्यामुळे तो निरोप वाचून प्रत्येक घराने एकच अर्थ काढला: आपलं कोणीतरी गेलंय, सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपल्यापासून लपवलंय.

पहिली किंकाळी माझ्याच घरात फुटली. त्सिगे हातात फोन घेऊन दारात उभी होती. "माझी आई गेली!"

"अगं, कोणी नाही गेलं!"

"म्हणून पहाटे उठून बसलास! कोटसुद्धा घातलास! तुला ठाऊक होतं!"

"देवाशपथ सांगतो, तुझी आई ठणठणीत आहे."

"असंच म्हणतात! माझ्या बापाच्या वेळीही असंच म्हणाला होतास!"

हे खरं होतं. बाहेर आलो तर आळीभर आक्रोश. मी दारोदार धावत सांगू लागलो, "काही झालेलं नाही, कोणी गेलेलं नाही," आणि जितकं सांगावं तितका आवाज चढे, कारण लपवणारा माणूस नेमकं हेच सांगतो. आतो गेबेयेहू आपल्या सातासमुद्रापार असलेल्या मुलाच्या नावाने ऊर बडवत होते. मुलाचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "हा त्याचा मित्र त्याच्या आवाजात बोलतोय." मुलाने लहानपणी चोरलेल्या घड्याळाची कबुली दिली, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली आणि मग त्यांनी माझी गचांडी धरली.

"उलटी क्वेरी चालवतो," मी म्हणालो. "एका झटक्यात सगळे जिवंत."

"हात लावू नका त्याला!" आतो गेबेयेहू ओरडले. "मेलेल्यांना उठवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? शिबेशीही उठून बसायचा! आधी मंडप काढा, तिकडे तो बिचारा खोळंबलाय."

आम्ही कोठीवर गेलो. शांबेल देगफू कुलपासमोर ताठ उभे होते आणि यादी मोबाइलवर उघडी होती.

"मंडप द्या, शांबेल," अध्यक्ष म्हणाले.

"जिवंत सभासदाची सही?"

"मी समोर उभा आहे ना!"

"उभे आहात ते दिसतंय. पण यादी अंतिम आहे. लष्करात असताना कागदावर मेलेली माणसं शिधा मागायला यायची. मी दिला नाही."

"तुम्हीही मेलेले आहात, शांबेल," मी म्हटलं.

"म्हणून तर मी माझ्या जबाबदारीवर देऊ शकत नाही." मग त्यांनी फोन डोळ्यांपाशी नेला. "खाली एक ओळ आहे. नाकारलेली नोंद, एक. नाकारलेला माणूस मेलेला नसतो."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोटाची बटणं पाहत राहिलो.

इतिये येशिमबेत घरी नव्हत्या. त्या शिबेशींच्या घरी होत्या. त्यांना निरोप गेलाच नव्हता, त्यामुळे त्यांचं कोणी मेलं नव्हतं आणि शिबेशींच्या बायकोचं रडणं त्यांना एकट्यांना ऐकू गेलं होतं. इद्दिरची मोठी भांडी कोठीत अडकलेली, म्हणून त्या आपल्या घरच्या लहानशा पातेल्यात गहू आणि चणे उकडत होत्या. शिबेशींची बायको भिंतीला टेकून बसली होती. सबंध अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"आलात?" इतिये म्हणाल्या. "बाकीचे कुठे आहेत?"

"रडतायत, इतिये. आपापल्या घरी."

"कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही. यंत्राची जरा चूक झाली."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे शिबेशी होते. "आणि याच्यासाठी?"

अध्यक्ष पायरीवर बसले. मी म्हणालो, "इतिये, मंडपासाठी तुमची सही हवी."

"मी कुठे तुमच्या मंडळात?"

मी तिथेच अंगणात लॅपटॉप उघडला. तारखेचा रकाना होता तो पुसला आणि त्या जागी साधा मजकुराचा केला, ज्यात माणूस वाटेल ते लिहू शकतो. अर्जावर समितीची जिवंतपणीची सही होतीच. पागुमे तीन, असं लिहिलं. प्रोग्रामने निमूटपणे घेतलं. पातेल्याला अजून उकळीही आली नव्हती.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी पातेल्याखालचा जाळ सारखा केला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिबेशींच्या बायकोसमोर मला फार लाज वाटली, आणि लाज वाटणं माझ्या स्वभावात बसत नाही, त्यामुळे ती कुठे ठेवावी हे कळेना. इतिये येशिमबेत यांनी कागदावर सही केली. आळीतल्या एकमेव जिवंत सभासदाच्या हुकमाने मंडप निघाला, खुर्च्या निघाल्या, मोठी भांडी निघाली. लोक सुजलेल्या डोळ्यांनी एकेक करत आले. सकाळपासून रडून त्यांचे गळे इतके तयार झाले होते की शिबेशींइतकी जोरदार मयत आमच्या आळीने कधी पाहिली नव्हती.

चर्चच्या आवारात दफन आटोपून सगळे मंडपात परतले की आमच्याकडे हजेरी होते. हजेरी घेणार कोण? नियमाने जिवंत सभासद. इतिये येशिमबेत खुर्चीवर बसल्या. नाव पुकारायच्या, माणूस उभा राहायचा, त्या त्याला खालपासून वरपर्यंत पाहायच्या आणि माझ्याकडे वळून म्हणायच्या, "हा आहे. कर जिवंत." मी क्वेरी चालवायचो. नाव, बाप, आजोबा, प्रत्येक अट वाचून, पुन्हा वाचून. आतो गेबेयेहू अध्यक्ष असूनही रांगेत उभे राहिले. शांबेल देगफू जिवंत होताच त्यांनी सलाम ठोकला. एका गृहस्थाने खुर्च्या परत केल्या नव्हत्या, त्याला इतियेंनी तसंच उभं ठेवलं. तो धावत जाऊन खुर्च्या घेऊन आला.

शेवटी माझं नाव आलं. "हजर," मी बसूनच म्हणालो.

"कबरीपाशी नव्हतास तू."

"इतिये, मी इथे लॅपटॉप सांभाळत होतो!"

"माती दिलीस का?"

"नाही, पण..."

"गैरहजर," त्या म्हणाल्या, आणि मंडपात त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे मनमोकळेपणाने हसले. शांबेल देगफू यांनी तत्परतेने नियम सांगितला: जो हजेरीत जिवंत झाला नाही, त्याने नव्याने अर्ज करायचा, समिती पुढच्या बैठकीत विचार करील. बैठक कधी, ते कोणी सांगेना.

तेव्हापासून मी मयत आहे. मयताच्या घरी चूल पेटवू द्यायची नाही ही आमची रीत, म्हणून त्याच संध्याकाळी बायका टोपल्या घेऊन माझ्या दारी हजर झाल्या. त्सिगेला मधे बसवून तिच्याभोवती बसल्या. "मोठा हुशार होता गं," एक म्हणाली. "हो ना, नळ मात्र तसाच राहिला," त्सिगे म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी कोपऱ्यात उपाशी बसलो होतो. मेलेल्याला कोणी आग्रह करत नाही.

इतिये येशिमबेत शिरोचं, म्हणजे आमच्या पिठल्याचं, भांडं घेऊन आल्या त्या सरळ कोपऱ्यात माझ्यापाशी आल्या. इंजेरा, आमची मऊ आंबट भाकरी, मोडून त्यांनी पहिला घास माझ्या तोंडात भरला. आमच्याकडे मायेच्या माणसाला असाच भरवतात.

"लेकरा, घाबरू नकोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समिती नाव घालो न घालो. तू गेलास तर मी येईन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिरो तिखट होता, असं मी सगळ्यांना सांगतो. पण शिरो अळणी होता. घाईघाईत त्या मीठ घालायला विसरल्या होत्या, आणि मी तो सगळा खाल्ला.

"फक्त सकाळचा जा," त्या उठता उठता म्हणाल्या. "संध्याकाळी माझे गुडघे दुखतात."